टॅपेटची फट

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नंदुरबारच्या बाजारात मिरची आणायची असो, की धडगावच्या डोंगरातून आजारी माणसाला तळोद्याला न्यायचे असो, घरची जुनी गाडीच कामाला येते. चांदसैलीच्या घाटात ती बंद पडली, तर हाकेला माणूस मिळेलच असे नाही. म्हणून या धड्यात आम्ही इंजिनातील एका बारीक फटीची माहिती देत आहोत. फट केसाएवढी, पण तिच्यावर सारे इंजिन अवलंबून असते.

झडप म्हणजे काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनात दट्ट्याच्या वर झडपा असतात. दट्ट्या म्हणजे पिस्टन. झडपेला व्हॉल्व्ह म्हणतात. गॅरेजात नुसते ‘वॉल’ म्हणतात. आपल्या साध्या गाड्यांत अशा दोन झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येते. ती इनलेट. दुसरीतून धूर बाहेर जातो. ती एक्झॉस्ट.

दट्ट्याच्या चार खेपा असतात. पहिल्या खेपेला तो हवा-पेट्रोल ओढतो. दुसऱ्या खेपेला ते दाबतो. तिसऱ्या खेपेला पेट्रोल पेटते आणि दट्ट्याला जोर मिळतो. चौथ्या खेपेला तो धूर बाहेर ढकलतो. दाबण्याच्या आणि जोराच्या वेळी दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या पाहिजेत. दार किलकिले राहिले, तर जोर बाहेर निसटतो.

फट कशासाठी?

झडप उघडण्यासाठी रॉकर नावाची लहान दांडी असते. ती झडपेच्या शेंड्यावर दाब देते. दाब नसेल तेव्हा रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि झडपेचा शेंडा यांच्यामध्ये थोडी जागा मोकळी ठेवतात. हीच टॅपेटची फट.

ही जागा का ठेवायची? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. लोहार धाव लाल तापवतो. ती वाढते आणि चाकावर बसते. पाणी टाकले की ती आवळते. धातू तापला की वाढतो, हा सृष्टीचा नियम आहे. इंजिनातील झडपही तापल्यावर लांब होते. तिला वाढायला जागा नसेल, तर ती रॉकरला टेकते आणि पुरती मिटत नाही.

एक्झॉस्ट झडपेचे तर फार हाल होतात. तापलेला धूर तिच्याच अंगावरून जातो. मिटलेली असताना ती आपली उष्णता बैठकीला देते आणि थोडी निवते. तिला बैठकीवर टेकायलाच मिळाले नाही, तर उष्णता जाणार कोठे? मग तिची कड जळते. दाब टिकत नाही. किक मारून पाय दुखतो, पण गाडी घाट चढत नाही. पुढे इंजिनाचे हेड उतरवावे लागते आणि खर्च वाढतो.

आवाजाचा घोटाळा

गॅरेजात असे बोलणे पुष्कळदा होते :

“भाऊ, टॅपेट वाजतात. आवाज साफ बंद करून द्या.”

“दादा, साफ बंद केला तर वॉल जळेल. थोडा आवाज राहू द्या.”

“आवाज येतो म्हणजे बिघाडच ना?”

“फार आला तर बिघाड. बारीक आला तर येऊ द्या. थांबा, मोजूनच बघतो.”

या मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. फट जास्त झाली, तर टक् टक् आवाज वाढतो, झडप कमी उघडते, टोके आपटून झिजतात. तेही नुकसानच. पण ते हळूहळू होते आणि ओरडून सांगते. फट बुजल्याचे नुकसान मुकाट्याने होते. म्हणून अगदी गप्प झालेल्या टॅपेटची जास्त धास्ती बाळगावी. केवळ कानावर भरवसा ठेवू नये, मोजावे.

कोणत्या गाडीला हे काम लागते?

राजदूत १७५, जुनी जावा आणि येझदी या दोन स्ट्रोकच्या गाड्या. त्यांना अशा झडपा नाहीत, म्हणून टॅपेटही नाहीत. १९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर आली. या चार स्ट्रोकच्या गाड्या गावोगाव पोहोचल्या. त्यांना हे काम लागते. १९५५ पासून आपल्या देशात तयार होऊ लागलेल्या बुलेटलाही लागते; पण तिची रीत वेगळी आहे. ती पुढे सांगू.

हत्यारे

१. फिलर गेज. ही पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी असते. प्रत्येक पट्टी वेगळ्या जाडीची असते आणि जाडी तिच्यावर कोरलेली असते.

२. टॅपेट चावी. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांत फटीच्या स्क्रूचे डोके चौकोनी असते. ते या चावीत नेमके बसते. पकडीने फिरवले, तर कोपरे झिजून डोके गोल होते.

३. रिंग पाना. स्क्रूवरचा लॉक नट सोडण्यासाठी. त्याचा नंबर गाडीप्रमाणे बदलतो. नेमका बसेल तोच घ्यावा.

४. टॅपेटची झाकणे उघडण्याचा पाना, इंजिन फिरवण्याचा बॉक्स पाना आणि प्लग पाना.

काही ठिकाणी गेजऐवजी दाढीचे पाते घालतात. ते सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते. करवतीचे पाते तर ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. सी.डी. १०० ला फट हवी ०.०५ मिलिमीटर. म्हणजे दाढीच्या पात्याने फट दुप्पट होते आणि करवतीच्या पात्याने बारापट! फिलर गेज महाग हत्यार नाही. गावातील चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतले तरी चालेल.

आकडा वाचायला शिका

पट्टीवरचे आकडे इंग्रजी असतात. आपला १ आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळचे आहेत. आपला ४ आणि इंग्रजी आठ यांचेही तसेच. म्हणून आधी इंग्रजी आकडे ओळखण्याचा सराव करा.

नंतर टिंब पाहा. ०.०५ म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातले पाच. ०.५ म्हणजे दहा भागांतले पाच. एक शून्य गळले की माप दहापट झाले!

तिसरी गोष्ट. काही पट्ट्यांवर इंचाचे माप असते. ०.००२ इंच म्हणजे जवळजवळ ०.०५ मिलिमीटर. मिलिमीटर की इंच, हे वाचल्याशिवाय पट्टी घालू नका. आणि आपल्या गाडीचे माप तिच्या पुस्तिकेतूनच घ्या. शेजाऱ्याच्या गाडीचे माप आपल्या गाडीला लावू नका.

काम कसे करावे?

इंजिन पूर्ण थंड हवे. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांना ते ३५ अंशांपेक्षा कमी तापलेले असावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवाच ४० अंशांवर जाते. तेव्हा सावलीत उभी केलेली गाडीसुद्धा थंड नसते. रात्रभर गाडी उभी ठेवावी आणि पहाटे काम करावे.

गाडी मेन स्टँडवर घ्या. झाकणांभोवतीची माती पुसा, नाहीतर ती इंजिनात पडेल. प्लग काढा, म्हणजे इंजिन सहज फिरते. टॅपेटची दोन्ही झाकणे काढा. डाव्या बाजूची दोन गोल झाकणेही काढा. आता बॉक्स पान्याने इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. चाकावर इंग्रजी ‘टी’ अक्षर आहे. ते कव्हरवरील खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एखादा आवळलेला असेल, तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. ही पायरी चुकली, तर पुढचे सारे काम चुकते.

आता ०.०५ ची पट्टी फटीत घाला. वहीखालचा कागद ओढताना हाताला जसा अडखळा लागतो, तसा लागला पाहिजे. ०.१० ची पट्टी आत जाता कामा नये. फट चुकीची असेल, तर लॉक नट सैल करा, चावीने स्क्रू थोडा फिरवा, चावी तशीच धरून नट आवळा. मग पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि फट बदलते. म्हणून दुसऱ्यांदा मोजणे कधीही टाळू नका.

पट्टी बरोबर जाते, तरी आवाज फार येतो, असेही होते. तेव्हा रॉकरचे टोक पाहा. झिजून खळगा पडला असेल, तर पट्टी खळग्यावर पुलासारखी राहते आणि खरी फट जास्त असते. तो भाग बदलावा लागतो.

बुलेटची रीत

ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटमध्ये रॉकरला दोन उभ्या काठ्या हलवतात. त्यांना पुशरॉड म्हणतात. उजव्या बाजूचे लहान झाकण काढले की त्यांची खालची टोके दिसतात. तेथे पातळ पाने लागतात. एकाने खालचा भाग धरायचा, दुसऱ्याने लॉक नट सोडायचा. पट्टी लागत नाही. दट्ट्या दाबाच्या खेपेच्या टोकाला आणायचा आणि काठी बोटांनी फिरवून पाहायची. ती सहज फिरली पाहिजे, पण वरखाली खडखडता कामा नये. तापल्यावर काठीची वाढ आणि इंजिनाची वाढ यांचा मेळ बसेल, अशी ही रचना आहे. सुमारे २००८ पासून आलेल्या नव्या बुलेट इंजिनांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरू लागली. तेथे ही रीत लावू नये.

काम झाल्यावर पट्ट्या पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा. वाकलेली किंवा गंजलेली पट्टी खोटे माप सांगते.

हे लक्षात ठेवा

थंड इंजिनावर मोजा. आकडा, टिंब आणि एकक, तिन्ही वाचा. नट आवळल्यावर पुन्हा मोजा. आवाज साफ बंद करण्याचा हट्ट धरू नका.

प्रश्न

१. तापल्यावर झडपेला जागा का लागते? धावेचे उदाहरण देऊन सांगा.
२. ०.०५ आणि ०.५ यांत किती पटींचा फरक आहे?
३. एक्झॉस्ट झडप कशामुळे जळते?
४. उन्हाळ्यात दुपारी टॅपेट का मोजू नयेत?
५. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची पुस्तिका उघडा. तिच्यातील टॅपेटचे माप शोधून वहीत सुवाच्य अक्षरांत लिहा.