मधुमेह खरा, पण कोणता?
रक्तांतील साखरेच्या निदानाविषयीं एक पाठ



खेड्यापाड्यांत अद्याप असा समज आहे कीं, मधुमेह हा गादीवर बसून तूपपोळी खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग आहे. जो उन्हांत नांगर धरतो व ज्याच्या फासळ्या मोजतां येतात, त्याच्या वाटेस तो जात नाहीं. ह्या समजामुळें किती तरी माणसें आपल्या रोगाच्या नांवापर्यंत पोहोंचतच नाहींत. समजा, पंचविशींतील एक ऊसतोडणी करणारा मजूर आहे. तीन महिन्यांत त्याचें वजन उतरतें; रात्रींतून पांच-सहा वेळां लघवीस उठावें लागतें; तांब्याभर पाणी पिऊनही तहान भागत नाहीं; पायाची लहानशी जखम भरून येत नाहीं. घरचीं माणसें उष्णतेचें निमित्त सांगतात. शेजारी करणीचें नांव घेतात व भगताकडे बोट दाखवितात. पुढें तालुक्याच्या गांवीं रक्त तपासलें असतां साखर ३५० निघते, तेव्हां सर्वच चकित होतात. कारण तो लठ्ठ नाहीं, त्याच्या आईबापांस हा रोग नाहीं, आणि गोडधोड तर त्याच्या घरीं सणासुदीलाच होतें. अशा माणसास चिठ्ठीवर एक शब्द लिहून मिळतो, गोळ्या मिळतात, व कमी खाण्याचा उपदेश मिळतो. जो आधींच अर्धपोटीं, त्यानें आणखी काय कमी खावें?

आजच्या पाठाचा मुद्दा एवढाच आहे: "मधुमेह" हें निदानाचें अर्धें नांव होय. तो कोणता व कशामुळें, हें कळेपर्यंत निदान पुरें झालें असें समजूं नये.

१. साखर रक्तांत कां सांठते?

आपण खातों त्या भाकरीचें, भाताचें व गुळाचें पचन होऊन साखर बनते, आणि ती रक्तावाटे सर्व अवयवांस पोहोंचते. अवयवांनीं ती आंत घ्यावी म्हणून जठराच्या मागें असलेलें स्वादुपिंड इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें. हें इन्शुलिन कमी पडलें, अथवा असूनही शरीर त्यास जुमानीनासें झालें, तर साखर रक्तांतच तुंबते व लघवीवाटे निघून जाते. पाटाला पाणी भरपूर असावें, पण बारें न फोडल्यामुळें पीक सुकावें, तशी शरीराची गत होते.

म्हणजे मूळ दोष दोन प्रकारचे झाले: इन्शुलिन नसणें, व असलेलें उपयोगी न पडणें. पहिल्यास इन्शुलिनच द्यावें लागतें. दुसऱ्यास बहुधा आहार, श्रम व गोळ्या ह्यांनीं आरंभ करतां येतो. हा भेद आपल्या देशांत नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंतही प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतःच येणारा, ज्यांत रोगी कृश असतो, व दुसरा अपथ्यानें होणारा, ज्यांत रोगी स्थूल असतो. उपाय मात्र फार उशिरां सांपडला. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें कांहीं महिन्यांत अथवा एक-दोन वर्षांत मरत असत.

२. पुण्याजवळच्या खेड्यांनीं काय शिकविलें?

पुणें शहरांत रास्ता पेठेंत के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा व त्यांच्या होणाऱ्या मुलांचा अभ्यास आरंभिला. ह्या स्त्रिया बहुतेक शेतावर राबणाऱ्या व बारीक अंगाच्या होत्या. त्यांच्या बाळांचें वजन जन्मवेळीं सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन शहरच्या बाळांचें ३.५ किलो होतें. परंतु वजनांत एवढी तूट असतांही पुण्याकडील बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानानें कमी नव्हती. उणीव होती ती मांसाची व पोटांतील अवयवांच्या वाढीची. दिसण्यांत कृश, पण आंत चरबी राखणारें, असें हें बाळ ठरलें.

मोठ्या माणसांतही हेंच दिसतें. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन ह्यांनीं एका वैद्यकीय पत्रांत आपल्या दोघांचें चित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांच्या वजनाचा आंकडा अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता, पण शरीरांतील चरबी इंग्रज गृहस्थांची शेंकडा ९.१, तर पुणेकरांची शेंकडा २१.२ निघाली. कांटा सारखा दाखवितो म्हणून शरीरें सारखीं असतात असें नाहीं.

पुढें त्या सहा खेड्यांतील मुलें अठरा वर्षांचीं झालीं, तेव्हां त्यांची साखर तपासण्यांत आली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें त्यांतील जवळजवळ निम्मीं मुलें कमी वजनाचीं होतीं. तरीही शेंकडा ३७ मुलग्यांत व १८ मुलींत साखरेचा बिघाड आढळला. बहुतेकांचा रोग अजून उंबरठ्यावरच होता. ज्यांत बिघाड निघाला, त्यांची उपाशीपोटींची साखर बालपणापासूनच इतरांहून अधिक होती, व त्यांची गर्भांतील वाढ कमी झालेली होती. तात्पर्य, कृश माणसास मधुमेह होणें हा चमत्कार नव्हे, करणी तर नव्हेच. त्याचें मूळ पुष्कळदां आईच्या ताटांत व बाळपणच्या उपासमारींत असतें.

३. एक नांव, अनेक रोग

ज्या मधुमेहाचें कारण सहज कळत नाहीं, त्यांत पुढील प्रकार ध्यानांत ठेवावे.

पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वादुपिंडावर उलटते व इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. हा बहुधा मुलांस व तरुणांस होतो, पण कोणत्याही वयांत होऊं शकतो. येथें इन्शुलिनावांचून जीव वांचत नाहीं.

दुसरा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा. त्यांत शरीर इन्शुलिनास जुमानीत नाहीं, अथवा तें पुरेसें बनत नाहीं, अथवा दोन्ही.

कांहींच्या स्वादुपिंडांत खडे होतात. केरळांत ह्या रोगाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. लहानपणापासून पोटांत कळा येणें, तेलकट शौचास होणें, व मग साखर वाढणें, हा त्याचा क्रम. फार दारू प्यायल्यानेंही स्वादुपिंड सुजून निकामी होतें.

कांहीं कुळांत एकाच जनुकाच्या दोषानें पिढ्यान् पिढ्या तरुणपणीं मधुमेह होतो. ह्यांतील कांहीं रोग्यांस टोंचण्याऐवजीं अल्प मात्रेच्या गोळ्या पुरतात. म्हणून ओळख पटणें हें त्यांचें मोठें सुख आहे.

आणखी एक प्रकार कुपोषणाशीं जोडलेला आहे. १९५५ सालीं जमैका बेटावर त्याचें वर्णन झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८५ सालीं त्यास आपल्या यादींत जागा दिली, व १९९९ सालीं पुरावा अपुरा म्हणून काढून टाकिली. पुढें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं अमेरिकन सहकाऱ्यांसह असे रोगी बारकाईनें तपासले, व २०२२ सालीं दाखविलें कीं, त्यांत मुख्य दोष इन्शुलिन कमी बनण्याचा आहे. एप्रिल २०२५ मध्यें बँकॉक येथें आंतरराष्ट्रीय मधुमेह संघानें त्यास "टाइप ५" हें नांव दिलें. वैद्यांत ह्याविषयीं अजून वाद आहे; पण गरिबांच्या रोगास निराळें नांव असावें कीं नाहीं, ह्याचा विचार पुन्हां सुरू झाला, हें थोडें नव्हे.

४. तपासणी व तिचे चकवे

रात्रभर उपाशी राहून सकाळीं साखर १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनीं २०० किंवा अधिक निघाल्यास मधुमेह मानितात. एच. बी. ए. वन सी. ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, तींत ६.५ ही मर्यादा आहे. रोगाचीं लक्षणें नसतील तर एकाच आंकड्यावर विसंबूं नये, तपासणी पुन्हां करावी.

ही शेवटची तपासणी रक्तांतील तांबड्या पेशींवर अवलंबून असते, म्हणून ती फसवूं शकते. शरीरांत लोह कमी असल्यास आंकडा खोटाच वाढतो. हें पुण्याच्या अभ्यासकांनीं २०१२ सालीं तरुण मंडळींत दाखवून दिलें. उलट सिकल सेलचा रोग असल्यास आंकडा खोटाच उतरूं शकतो. नंदुरबार व गडचिरोलीकडील मंडळींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. तेव्हां रक्त कमी असलेल्यानें तें डॉक्टरांस आधीं सांगावें.

प्रकार ओळखण्यास आणखी साधनें आहेत. सी-पेप्टाइड ह्या तपासणीवरून शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवितें तें कळतें. प्रतिपिंडांच्या तपासणीवरून पहिला प्रकार ओळखूं येतो. पोटाच्या सोनोग्राफींत किंवा क्ष-किरण चित्रांत स्वादुपिंडांतील खडे दिसूं शकतात. पुणें, हैदराबाद व इंग्लंडांतील एक्झेटर येथील अभ्यासकांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, जनुकांच्या मोजणीवरूनही भारतीयांत पहिला व दुसरा प्रकार वेगळा काढण्यास साह्य होतें. प्रत्येकास ह्या सर्व तपासण्या लागत नाहींत. कोणाला कोणती, हें डॉक्टरांनीं ठरवावें. पण प्रश्न रोग्यानें विचारावा.

५. निदानास जातांना

प्रथम गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें. तेथें उलगडा न झाल्यास चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळांत जावें. पुण्यास रेल्वे स्टेशनाजवळ ससून हें मोठें सरकारी रुग्णालय १८६७ पासून आहे. जुने सर्व कागद एका पिशवींत तारीखवार ठेवून न्यावे. वजन केव्हांपासून उतरलें, पोटांत कळा येतात काय, घरांत कोणास कोणत्या वयांत हा रोग झाला, लहानपणीं फार उपासमार झाली काय, हें लिहून न्यावें. लिहितां येत नसल्यास उपदेशकानें लिहून द्यावें, व शक्य तर सोबत जावें.

दारू किंवा पुडीचें औषध लपवूं नये. सांधेदुखीवर बाजारांत मिळणाऱ्या कांहीं पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. त्यानें साखर चढते. "झाडपाल्याचें" म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं औषधांत साखर उतरविणाऱ्या गोळ्यांची पूड सांपडली आहे. तिनें घाम, कंप व बेशुद्धी येऊं शकते. पुडी उरली असेल तर तीच डॉक्टरांस दाखवावी.

मग नम्रपणें पण स्पष्ट विचारावें: "डॉक्टरसाहेब, हा कोणत्या प्रकारचा मधुमेह? माझें अंग कृश असतां तो कशामुळें झाला? ह्या गोळ्यांनीं साखर न उतरल्यास पुढें काय?" हा उद्धटपणा नव्हे. चांगल्या डॉक्टरांस अशा प्रश्नांनीं मदतच होते.

६. जेथें विलंब घातक आहे

साखर वाढलेल्या माणसास वांत्या होऊं लागल्या, पोट दुखूं लागलें, श्वास खोल व जलद चालूं लागला, किंवा गुंगी आली, तर त्याच घटकेस इस्पितळांत न्यावें. सकाळची वाट पाहूं नये. ज्यास इन्शुलिन सांगितलें आहे त्यानें तें एक दिवसही आपल्या मनानें बंद करूं नये. नवस, उपास, अथवा कोणाचें आश्वासन, कशासाठींही नाहीं. आजाऱ्यासाठीं प्रार्थना अवश्य करावी, पण इन्शुलिन चालू ठेवून करावी. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, हें आपण विसरूं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. कृश व कष्टाळू माणसास मधुमेह कां होऊं शकतो?
२. प्रकार न ओळखतां औषध दिल्यास कोणास सर्वांत अधिक धोका आहे?
३. एच. बी. ए. वन सी.चा आंकडा केव्हां फसवितो?
४. आपल्या गांवांत ज्याचें वजन विनाकारण उतरत आहे व तहान भागत नाहीं, असें कोण आहे? ह्या आठवड्यांत त्यास आरोग्य केंद्रांत कोण घेऊन जाईल?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर तोंडी न देतां, जाणाऱ्याचें नांव व दिवस ठरवूनच सभा उठावी.