भूमिगत खाण : खोदण्याआधी विचारायचे प्रश्न



पाचवीच्या वर्गात खनिजांचा पाठ चालू होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, खालचा सगळा कोळसा काढून घेतला तर वरचं गाव खाली नाही का पडणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे. खाणीला परवानगी देताना सरकारलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. आज त्याचं उत्तर शोधूया.

तुम्ही ओल्या वाळूत पाय घालून, वर वाळू थापून खोपा केला असेल. पाय हळूच काढला की खोपा उभा राहतो. पण शेजारी अगदी खेटून दुसरा खोपा केला तर? मधली भिंत ढासळते. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सोपं आहे.

१) छत कशावर उभं राहतं?
आपल्याकडच्या बऱ्याच भूमिगत कोळसा खाणींत थरामध्ये उभे-आडवे बोगदे काढतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. खाण जितकी खोल, तितकं वरच्या खडकाचं वजन जास्त, म्हणून खांबही मोठे लागतात. छतात लोखंडी बोल्ट ठोकून खडकाचे थर एकमेकांना घट्ट बांधतात. शेवटी खांबही काढले तर छत बसतं आणि वरची जमीन खचू शकते. म्हणूनच वर घरं, रस्ता, रेल्वे किंवा नदी असेल तर तिथे खोदण्यावर वेगळी बंधनं असतात. काही ठिकाणी पोकळी वाळूनं भरून काढतात.

२) हवा आणि बाहेर पडायची वाट
खाणीला बाहेर पडायचे किमान दोन मार्ग हवेत. एक बंद झाला तर दुसरा कामी येतो. मोठा पंखा हवा खेळती ठेवतो. कोळसा खाणीच्या नियमांनुसार काम चालतं तिथल्या हवेत ऑक्सिजन किमान १९ टक्के हवा आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पेट घेणारा मिथेन वायू खाणीत कुठेही १.२५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

३) जुन्या खाणीतलं पाणी
२७ डिसेंबर १९७५. धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेलं पाणी अचानक घुसलं आणि ३७५ कामगार गेले. आपल्या खोप्याची मधली भिंत आठवली ना? पाणी साठलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत विशेष परवानगीशिवाय खोदायचं नाही, असा नियम आहे. पण जुन्या खाणीचा नकाशाच चुकीचा असेल तर ६० मीटर मोजणार कुठून? म्हणून अचूक नकाशा हा कामगाराचा पहिला रक्षक असतो, बरं का!

मेघालयात क्सान इथे १३ डिसेंबर २०१८ रोजी १५ कामगार पाणी भरलेल्या खाणीत अडकले. ती खाण बेकायदा होती. तिथल्या अशा उंदराच्या बिळासारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१४ मध्येच बंदी घातली होती. बेकायदा खाणीचा आराखडा कोणी तपासत नाही आणि खाली किती माणसं उतरली याची धड नोंदही राहत नाही.

४) गावाच्या विहिरी
खाण कोरडी ठेवायला पंप सतत पाणी उपसतात. त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. बाहेर सोडलेलं पाणी गढूळ किंवा आम्लयुक्त असेल तर नाला आणि शेतही बिघडतं. म्हणून खोदकामाआधीच विहिरी, हवा, पाणी यांची मोजणी करून नोंद ठेवावी लागते. आधीची नोंद नसेल तर विहीर खाणीमुळे आटली हे नंतर सिद्ध कसं करणार?

५) गावाचा आवाज
२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या खाणींसाठी जनसुनावणी घेतात. किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे महाराष्ट्रात तो मराठीत वाचता येतो. पण तो कोणी वाचलाच नाही तर? सुनावणीत प्रश्न विचारणारे दोन जण असले तरी ते प्रश्न इतिवृत्तात येतात आणि कंपनीला त्यांची उत्तरं द्यावी लागतात.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं : गाव पडणार की टिकणार, हे बरंचसं खोदण्याआधीच ठरतं. खांब किती जाड, नकाशा किती खरा, विहिरींची नोंद झाली की नाही, यावर ते ठरतं. मंजुरीचा शिक्का मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. अटी रोज पाळल्या जातात का, हे नंतरही बघावं लागतं.

करून पाहा : ओल्या वाळूच्या ढिगात दोन बोगदे करा. मधली भिंत थोडी थोडी बारीक करत जा. ती कधी पडते ते वहीत लिहा.

विचार करा :
१) खाणीला दोन मार्ग का हवेत?
२) तुमच्या गावाजवळ खाण येणार असेल तर सुनावणीत तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल? घरी आजी-आजोबांना विचारून लिहा. विहिरींचं जुनं पाणी त्यांनाच ठाऊक असतं.