वर्गातील गाणे आणि बालकाचे मनःस्वास्थ्य

प्राथमिक शाळेच्या दिनक्रमात गाण्याला स्थान आहे. परंतु ते बहुधा परिपाठापुरतेच असते. राष्ट्रगीत, राज्यगीत व प्रार्थना झाली की गाणे संपले आणि अभ्यास सुरू झाला, अशी विभागणी आपोआप होते. पुढे स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे चांगल्या गळ्याची पाचसात मुले निवडली जातात व उरलेली श्रोते बनतात. गाणे हे शाळेच्या शोभेचे अंग होय, हा समज या व्यवहाराच्या मुळाशी असतो. वस्तुतः गाण्याने बालकाच्या मनाला आधार मिळतो. आणि ज्या मुलाला वर्गात गाऊ दिले जात नाही, त्यालाच पुष्कळदा या आधाराची सर्वांत अधिक गरज असते.

गाण्याने काय घडते?

गाण्याचा पहिला परिणाम श्वासावर होतो. गाणारा श्वास चटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश सोडतो. उच्छ्वास लांबला म्हणजे हृदयाची गती मंदावते व शरीराचा ताण सैल होऊ लागतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र गाताना त्यांचे श्वास गाण्याच्या ओळींप्रमाणे चालू लागले आणि हृदयगतीचे चढउतारही परस्परांशी जुळू लागले, असे त्यात दिसून आले.

दुसरा परिणाम भावनांवर होतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २०१५ साली पुढे आलेल्या एका प्रयोगात तान्ह्या बालकांना कधी बोलणे, तर कधी अपरिचित भाषेतील गाणे ऐकविण्यात आले. बोलणे ऐकताना ती सुमारे चार मिनिटे शांत राहिली, तर गाणे ऐकताना सुमारे नऊ मिनिटे. शब्दांचा अर्थ कळण्यापूर्वीच सूर व लय मनाला सावरतात, हे यावरून ध्यानात येते. प्रत्येक आई पाळण्याची दोरी हाती धरून हेच करीत आली आहे.

तिसरा परिणाम परस्परसंबंधांवर होतो. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वर्षांची मुले जोडीजोडीने खेळली. गात-वाजवीत खेळलेली मुले, तोच खेळ संगीतावाचून खेळलेल्या मुलांपेक्षा, पुढे एकमेकांच्या मदतीला अधिक धावली.

ग्रामीण महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री माहेरची ओढ, सासुरवास, लेकराचे आजारपण ओवीतून सांगत असे. जे घरात कोणाजवळ बोलता येत नसे, ते जात्यापाशी गाता येई. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. दुःखाला शब्द, लय आणि ऐकणारी सोबतीण लाभली म्हणजे त्याचा भार उचलता येतो, याची साक्ष या ओव्या देतात.

न गाणारे मूल

दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडणीस गेले आणि मूल आजीजवळ राहिले, म्हणजे ते पुष्कळदा वर्गात गप्प होते. घरी एक भाषा व शाळेत दुसरी भाषा असलेले मूलही असेच मिटून बसते. अशा मुलास ‘काय झाले?’ असे विचारून उत्तर मिळत नाही. परंतु तीस आवाजांत आपला आवाज मिसळण्यास त्याला धैर्य लागत नाही. या पहिल्या पावलाचे मोल मोठे आहे.

‘तुझा सूर लागत नाही, तू नुसते ओठ हलव,’ हे वाक्य म्हणूनच फार घातक होय. ते ऐकलेले मूल पुष्कळदा पुढे कधीच गात नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार जन्मतः सुरांची ओळखच नसणारी माणसे शंभरात दीड इतकीच आढळतात. उरलेल्यांना सराव हवा असतो. आणि सूर न लागला तरी गाण्याचा आनंद कमी होत नाही.

वर्गात काय करावे?

१. मधल्या सुट्टीनंतर व शाळा सुटण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे सर्वांनी मिळून गावे. गोंगाट शमविण्यासाठी छडी आपटण्याऐवजी संथ लयीचे गाणे सुरू करावे व हळूहळू आवाज उतरवावा.

२. सूर मुलांना झेपेल असा धरावा. पुरुष शिक्षकाच्या खालच्या सुरात मुलांना गाता येत नाही, मग ती ओरडू लागतात. एखाद्या मुलाने सहज गुणगुणलेला सूर धरून आरंभ करावा.

३. एकट्याने गाण्याची सक्ती कोणावरही करू नये. लाजऱ्या मुलाकडे टाळ किंवा खंजिरी द्यावी. ताल धरता धरता ते गाऊ लागते.

४. आठवड्यातून एक गाणे मुलांच्या घरचे असावे. गोरमाटी, भिली, गोंडी वा अहिराणी गाणे वर्गाने शिकले म्हणजे त्या मुलाचे घरच वर्गात मान पावते.

५. उदास मुलावर आनंदी गाणे लादू नये. गाताना कोणी रडले तर रडू द्यावे. नंतर एकीकडे घेऊन मायेने विचारपूस करावी.

मर्यादा

गाणे हे औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, त्याची झोप वा भूक मोडली, अथवा ते स्वतःस इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर विलंब करू नये. जिवाला इजा करण्याची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी पालकांशी बोलावे व मुलास एकटे ठेवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक व मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेला असावा.

शिक्षकाचा गळा गोड असलाच पाहिजे, असे नाही. आपले गुरुजी किंवा बाई संकोच न करता आपल्याबरोबर गातात, एवढे मुलांना दिसले तरी पुरे असते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात कोणती मुले गात नाहीत? त्यांची घरची परिस्थिती आपणास ठाऊक आहे काय?
२. एक महिना वरील प्रयोग केल्यावर त्यांपैकी किती मुले गाण्यात सामील झाली, व त्यांच्या बोलण्या-वागण्यात कोणता फरक आढळला?