जुना साचा घेताना

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी सासुरवाडीलाच होतो. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. नांदेडला आमचं घरचं काम जाळी विणायचं आणि दुरुस्त करायचं. पाणीच नाही तर जाळं कोण घेणार? त्याच वर्षी पावसाळा सरता सरता पाऊस असा कोसळला की धरणं भरली, आणि दिवाळीपर्यंत विष्णुपुरीपासून मांजरापर्यंतची गिऱ्हाइकं दारात उभी राहिली.

फेकायच्या जाळ्याच्या घेराला शिशाचे मणी लागतात. ते नसतील तर जाळं पाण्यावरच पसरून राहतं आणि रोहू-कटला खालून निघून जातो. आमच्या एका जाळ्याला तीन किलोच्या आसपास शिसं लागतं. मणी आम्ही तयार आणायचो. मनात आलं, साचे घेऊन आपणच ओतले तर जाळ्यामागं चार पैसे सुटतील.

मेव्हण्यानं लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक भंगारवाला दाखवला. "दाजी, असा माल परत मिळायचा नाही," तो म्हणाला. मण्यांचे चार साचे, दोन लोखंडी आणि दोन अॅल्युमिनियमचे, अठराशे रुपयांत. मी ते वजनावर तोलले, वळवून पाहिले आणि पैसे दिले. साचा पाहायचा कसा हे मला माहीतच नव्हतं.

चारपैकी तीन निकामी निघाले. म्हणून सांगतो. साच्याची दोन अर्धी बंद करा आणि उजेडाकडं धरा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की शिसं तिथून पातळ पापुद्र्यासारखं बाहेर येणार, आणि प्रत्येक मणी कानसत बसावं लागणार. कानसणं म्हणजे शिशाची भुकटी उडणं, त्याबद्दल पुढं बोलतो. मग दोन्ही अर्धी हातानं आडवी हलवून बघा. एका अर्ध्यावरच्या खुंट्या दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसल्या पाहिजेत. खुंट्या झिजल्या असतील तर मणी अर्धा इकडं, अर्धा तिकडं सरकलेला निघतो. पोकळीत नख फिरवा. गंजानं खड्डे पडलेले असतील तर शिसं त्यात रुतून बसतं आणि मणी सुटत नाही. माझ्या एका साच्याचा गंज कुणीतरी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला होता. मला तोच सगळ्यात आवडला. तोच सगळ्यात वाईट होता, कारण घासल्यानं सपाट पृष्ठ गोलसर झालं होतं आणि हवा बाहेर जायच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या होत्या. जुन्या साच्यावर पातळ गंज आणि तेलाचा थर असेल तर घाबरू नका, तो रॉकेलनं निघतो. चकाकी दिसली तर मात्र थांबा. मण्याच्या भोकासाठी मधून जाणारी सळई सरळ आहे का, आणि अॅल्युमिनियमच्या साच्याच्या कडेला हातोडीचे घाव आहेत का, हेही पाहा. मणी सुटेना म्हणून साच्यावरच हातोडी मारणारे लोक असतात.

भंगारवाल्याच्या ढिगात एक पाचवा साचा होता. कात्रीसारखा, दोन मुठींचा, पुढं एकच वाटोळी पोकळी. भंगारवाला म्हणाला, हा फुकट घ्या. मेव्हण्यानं माझा हात दाबला. तो ठासणीच्या बंदुकीच्या गोळीचा साचा होता. आमच्या भागात निजामी काळातल्या अशा वस्तू कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत अजून सापडतात. घरी आल्यावर वकील असलेल्या एका स्नेह्याला विचारलं. त्यानं शस्त्र अधिनियम १९५९ उघडून दाखवला. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याची शिक्षा पुढं २०१९ च्या दुरुस्तीनं किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. गंजलेली कात्री कोर्टात काय ठरेल यावर वकिलांनी वाद घालावा. आपण त्या वाटेला जाऊ नये. भंगारात असा साचा दिसला तर हात लावू नका. वाडवडिलांच्या पेटीत निघाला तर लपवू नका आणि विकूही नका. वकिलाच्या सल्ल्यानं लेखी देऊन तो पोलीस ठाण्यात जमा करा.

आता शिशाकडं येतो. सुरुवातीला मी तीन ठिकाणचं शिसं आणलं. पहिलं टायरच्या दुकानातलं, चाकाचा तोल साधायला लावतात त्या पट्ट्या. त्यातल्या सगळ्या शिशाच्या नसतात. काही जस्ताच्या, काही लोखंडाच्या असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० च्या जवळ. मी कढई जाळावर लाल होईपर्यंत तापवली, जस्तही वितळून मिसळलं आणि आठ किलोचा सगळा घाण गोळा झाला. आळलेल्या लापशीसारखं ते साच्यात उतरेनाच. पट्टी आधी पकडीनं कापून बघा. शिसं लोण्यासारखं दबतं, जस्त कडक लागतं आणि दगडावर टाकलं की टणटण वाजतं. तापमापक घ्या, चारशेच्या खाली राहा. जस्त वर तरंगेल, ते पळीनं काढून टाका.

दुसरं शिसं बंद पडलेल्या छापखान्यातलं, खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं. ऑफसेट आल्यापासून आमच्याकडच्या छापखान्यांतले खिळे किलोवर गेले. त्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं, अक्षर झिजू नये म्हणून. मणी सुरेख उतरला, धारदार. पण दोरीवर पकडीनं दाबायला गेलो की तडकायचा. जाळ्याला मऊ शिसंच लागतं. खिळ्यावर अक्षर उलटं कसं असतं ते लेकरांनी पाहावं, असं मला वाटतं. मी त्यातले मूठभर वाचवून ठेवले आहेत. पण असे खिळे काचेआडच ठेवा, कारण त्यांतही शिसंच आहे.

तिसरं जुन्या बॅटऱ्यांमधलं. हे करू नका. प्लेटांवर शिशाची भुकटी आणि आम्ल असतं, वितळवताना विषारी वायू निघू शकतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्या किंवा तिच्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडंच द्यायची असते. मी दोन फोडल्या. त्यानंतर आठवडाभर खोकत होतो.

जुलैत भाजलो. नंतर आणलेल्या, केबलवरच्या शिशाच्या जुन्या वेष्टनाची घडी पत्र्याच्या छपराखाली पडली होती. बाहेरून कोरडी दिसत होती. वितळलेल्या शिशात ती टाकली आणि कढईतून फवारा उडाला. घडीच्या आत पाणी होतं. पाण्याची वाफ होते तेव्हा तिचं आकारमान सतराशे पटीच्या आसपास वाढतं, आणि वर शिसं असेल तर ते शिसं घेऊनच उडतं. डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे आहेत. डोळ्यांवर जवळचा चष्मा होता, म्हणून आज हे लिहू शकतो. भंगार शिसं कढईच्या काठावर आधी तापू द्या, गार धातू वितळलेल्यात टाकू नका. साचाही तापवून घ्या. गार साच्यात पहिले मणी सुरकुतलेले येतात आणि ओला साचा तर बंदुकीसारखा उडतो. पोकळीला दिव्याची काजळी धरली की मणी सुटतो. ओतताना पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, चामडी हातमोजे, बंद बूट, डोळ्यांना आणि तोंडाला आडोसा. जवळ पाण्याची बादली ठेवू नका, वाळू ठेवा.

हे सगळं शिकलो, हात बसला, पंधरा दिवसांत दोनशे मणी पडू लागले. कढई अंगणात, तुळशीच्या बाजूला. काम करता करता तंबाखू मळायचो, त्याच हातानं. संध्याकाळी कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुतले जायचे. लेक चार वर्षांची, माझ्याजवळ येऊन मणी मोजायची.

वर्षभरात ती जेवेना, पोट दुखतं म्हणायची, चिडचिड करायची. आम्ही जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली. लातूरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी पापणी ओढून पाहिली, फिकी होती. मग त्यांनी विचारलं, "घरी काय काम करता?" मी सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला. रक्तात डेसिलिटरला १९ मायक्रोग्रॅम शिसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि ५ आलं तरी ते कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं. माझं स्वतःचं ३१ होतं.

मला वाटायचं धूर लागतो. बाईंनी समजावलं की एवढ्या तापमानाला वाफ थोडीच निघते. खरा घात वर जमणाऱ्या करड्या मळीचा आणि भुकटीचा. ती हातावर बसते, हातातून तंबाखूत, तोंडात. कपड्यांतून अंथरुणात. मातीत पडते आणि लेकरू मातीत खेळतं. लेकरांच्या अंगात ती मोठ्यांपेक्षा जास्त शोषली जाते, आणि मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी लेकरांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या देशाचा. त्या आकड्यात एक लेक माझी आहे.

औषधाच्या आधी बाईंनी ओतायची जागा बदलायला सांगितली. अंगणातली वरची वीतभर माती काढून पोत्यांत बांधली, तुळस नव्या मातीत लावली. कामाचे कपडे वेगळे, धुणं वेगळं, आंघोळ करूनच घरात. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, कारण झाडूनं भुकटी उडते. तंबाखू सुटली. जेवणात लोह आणि कॅल्शियम वाढवलं: बाजरीची भाकरी, पालेभाजी, दूध; कारण अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं.

कुणाला तरीही ओतायचंच असेल तर घराबाहेर, रहिवासापासून लांब उघडी जागा बघा, लेकरं आणि पोटुशी बाई त्या वाटेला येता कामा नये, आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. मी आता बहुतेक जाळ्यांना लोखंडी कड्यांची साखळी लावतो. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून घेर जाड होतो आणि म्हातारे कोळी कुरकुरतात; पण इंग्लंडनं हंस मरू लागले म्हणून १९८७ मध्ये गळाची लहान शिशाची वजनं बंद केली, तेव्हा तिथले लोकही मासे धरत राहिले. आमच्या गोदावरीतलं तुटलेलं जाळंही मणी घेऊनच तळाशी जातं.

चारांपैकी तो एक चांगला साचा अजून माझ्याकडं आहे. गेल्या महिन्यात मुखेडचा एक पोरगा साचे घ्यायला आला होता. त्याला उजेडाकडं धरून दाखवलं, खुंट्या दाखवल्या, हाताचे चट्टे दाखवले. त्याला घरी किती लेकरं आहेत विचारलं. दोन, म्हणाला, धाकटं रांगतंय. साचा मी परत कपाटात ठेवला. लेकीचं दुसऱ्या वर्षी १३ आलं, तिसऱ्या वर्षी ८. बाईंनी पुन्हा रक्त घेऊन यायला सांगितलं आहे.