मासळीची खानावळ

आपले आंधळगाव समुद्रापासून फार दूर. आपण खातो ती मासळी तलावांची नि वैनगंगेची. आज मात्र आपण कोकणात जाऊ.

मालवण हे समुद्रकाठचे जुने गाव. शिवाजी महाराजांनी १६६४ साली येथे सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याच्या चारी बाजूंना पाणी. तो पाहायला लांबून लोक येतात. आलेल्याला भूक लागतेच. म्हणून तेथे कितीतरी घरांनी खानावळी घातल्या. ताटात भात, माशाचे कालवण, तळलेला बांगडा आणि सोलकढी. आमसुलाच्या पाण्यात नारळाचे दूध घातले की झाली सोलकढी!

अशा घरी सारेच राबतात. बाप सकाळी मासळी आणतो. सासू मसाला वाटते. सून मासे साफ करते, रांधते. मग मजुरी कोणाला द्यायची? माणसे घरचीच! असे पुष्कळांना वाटते. येथेच फसगत होते.

हा हिशेब पाहा. समजा, मासळी १००० रुपयांची आणली. तांदूळ, तेल, मसाला ६०० रुपये. गॅस नि बर्फ २०० रुपये. एकूण खर्च १८०० रुपये. १२० रुपयांची २० ताटे खपली. आले २४०० रुपये. उरले ६००.

हा नफा झाला का? नाही. तिघे दिवसभर राबले. प्रत्येकाला पडले २०० रुपये. ती तर त्यांची मजुरी, आणि तीही थोडी. नफा काहीच नाही.

शिवाय जून-जुलैत यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचे ते दिवस. पावसाळ्यात किल्ल्याकडे होड्याही जात नाहीत. गिऱ्हाईक कमी होते. त्या दिवसांसाठी आधीच शिल्लक टाकावी लागते.

आपल्याकडेही हेच आहे. आंधळगाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेले. विणकर मागावर बसतो. पण कांड्या भरणारी बाई मोजली जाते का? सुनेच्या हाताला चव आहे म्हणून गिऱ्हाईक येते. वहीत मात्र सुनेचे नाव नसते. आम्हाला हे बरे वाटत नाही.

आता आपल्याला लिहिता येते. धंदा कोणताही असो, वही घाला. राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे मजुरी मांडा. ती वजा करून उरेल, तोच नफा.

प्रश्न : १. वरच्या हिशेबात प्रत्येकाला ३०० रुपये मजुरी धरली, तर ताटाची किंमत किती हवी?
२. तुमच्या घरी कोणाचे काम मोजले जात नाही? त्यांचे नाव लिहा.