सरत्या वर्षाचा हजेरीपट

“आपल्या शाळेची मूल्ये आणि सरते वर्ष” या विषयावर चार शब्द लिहावेत, असे स्मरणिकेच्या संपादकांनी कळविले, तेव्हा प्रथम माझे लक्ष आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीकडे गेले. तेथे सत्य, समता, श्रम, बंधुता हे शब्द ठळक अक्षरांत रंगविलेले असून दर उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना नवा रंग मिळतो. परंतु २२ वर्षे वर्गावर उभे राहिल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, शाळा कशाला किंमत देते हे पाहावयाचे असल्यास कपाटातील वह्या उघडाव्यात. त्यांतही हजेरीपट आधी.

महिन्याअखेर शिक्षक हजेरीपटाची आडवी बेरीज करतो, ती विद्यार्थ्याची; उभी बेरीज करतो, ती दिवसाची. अहवालात मात्र जाते ती सरासरी. आता ४० मुलांचा एक वर्ग घ्या. त्यातील ३८ मुले रोज येतात आणि दोन मुळीच येत नाहीत. हजेरी ९५ टक्के. दुसऱ्या वर्गात प्रत्येक मूल २० दिवसांत एक दिवस चुकते. हजेरी तीच, ९५ टक्के. अहवाल वाचणाऱ्यास दोन्ही वर्ग सारखेच गुणी वाटतात. वस्तुतः दुसऱ्याचे फारसे बिघडलेले नाही, आणि पहिल्यातील दोन मुले हातची गेली आहेत. म्हणून हजेरीपट आडवा वाचावा, एकेका नावावर थांबून वाचावा.

उभा वाचण्यातही गंमत असते. ईदच्या दुसऱ्या दिवशी आणि गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमचे वर्ग सारखेच ओस असतात. या बाबतीत आमच्या मुलांत कमालीचे ऐक्य आहे!

वडोद्यात बसून हजेरीविषयी लिहिताना सयाजीराव महाराजांचे स्मरण होणे साहजिक आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्यास लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती! तरीही शिक्षक म्हणून एक शंका मनात राहते. मूल का येत नाही, हे दंडाच्या पावतीवर लिहिलेले नसते. २००३ पासून गुजरातेत दर वर्षी शाळाप्रवेशोत्सव होतो, गुलाल-कुंकू लावून मुलांना आत घेतात. मूल शाळेतून निसटते त्या दिवशी मात्र कोणी जमत नाही.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यातील शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम आहे. पुष्कळ ठिकाणी या माउलींना सही कोठे करावयाची एवढेच दाखविण्यात येते. आम्हीही तेच करीत होतो. गेल्या मार्चमध्ये प्रथमच त्यांच्यापुढे वर्षाचे हजेरीपट उघडून ठेविले. (मुलांपुढे हे करू नये. गैरहजेरीचा पंचनामा झाला की मूल अधिकच दूर जाते.)

सातवीचा हजेरीपट माझ्याच हातचा. एका मुलीच्या ओळीत जून ते दिवाळी बहुतेक प्रत्येक सोमवारी खाडा होता आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘घरगुती कारण’. हे दोन शब्द मी अकरा वेळा लिहिले होते. दिवाळीच्या सुटीनंतर ती ओळ कोरी. समितीतील एक बाई ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “सर, सोमवारी हिची आजी औषधाला मोठ्या दवाखान्यात जाते. आई चार घरची धुणीभांडी करते. मग धाकट्याला कोण बघणार?”

धाकटा तीन वर्षांचा. आमची बालवाडी त्याच आवारात, सातवीच्या वर्गापासून वीस पावलांवर. माझ्या वर्गावरच्या भिंतीवर त्या वेळीही ‘बंधुता’ लिहिलेले होते. सर्व वर्ष मी त्या मुलीला एकदाही विचारले नाही, ही चूक माझी; ती कोणा खात्याच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हापासून ‘घरगुती कारण’ हा शेरा आम्ही बंद केला आहे. काय कारण ते चार शब्दांत लिहावयाचे, आणि तिसऱ्या खाड्याला घरी जावयाचे. सोमवारी बालवाडीत पटाबाहेरची दोनतीन धाकटी भावंडेही बसतात. बालवाडीच्या बाई प्रथम कुरकुरल्या, आणि त्यांची कुरकुर रास्तही होती. मग एका माजी विद्यार्थिनीने सोमवारची सकाळ आपणहून अंगावर घेतली.

ती मुलगी आजोळी आहे, असे कळते. तिचे नाव अजून पटावर ठेविले आहे. समितीतील दोघी येत्या रविवारी तिकडे जाऊन येणार आहेत; एस.टी.च्या भाड्याची तजवीज शिक्षकांनी केली आहे.