नाव आहे, पत्ता नाही

बीसीएच्या परीक्षेत मी लिहून आलो होतो : ‘जो राउट होतो तो राउटेबल प्रोटोकॉल, होत नाही तो नॉन-राउटेबल.’ गुण मिळाले, पण कळलं काहीच नव्हतं. कळलं ते मराठी मंडळाच्या जुन्या अंकांमुळे.

अंकांच्या फाइली तळमजल्याच्या लॅबमध्ये विंडोज ९८च्या एका संगणकावर होत्या. आम्ही वरच्या मजल्यावर, मधे राउटर. तो संगणक खाली सगळ्यांना दिसायचा, वर कुणालाच नाही. लॅबमधले मामा म्हणायचे, ‘हितं दिसूलंय की!’ शेवटी आम्ही फ्लॉप्या घेऊन जिने चढू लागलो. (तेही एक प्रकारचं राउटिंगच!)

सरांनी त्या मशीनची सेटिंग उघडली. प्रोटोकॉल एकच : नेटबीयूआय. आयबीएमने १९८५ मध्ये छोट्या नेटवर्कसाठी आणलेला. त्यात संगणकाला फक्त नाव असतं, जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. एखादा संगणक हवा तर तारेवर त्याच्या नावाने हाक मारायची, ज्याचं नाव तो ओ देतो. एका वाड्यात हे झकास चालतं, सेटिंगची कटकटही नाही. म्हणून त्याला सरसकट नावं ठेवू नयेत. पण राउटर अशी हाक पुढे सोडत नाही. पॅकेटवर असतो तो ४८ बिटांचा मॅक पत्ता. कार्ड कोणतं एवढं त्यावरून कळतं, ते कुठल्या नेटवर्कात बसलंय हे नाही. मग राउटरने काय बघून वाट ठरवायची? आम्ही वरच्या मशीनवरही नेटबीयूआय टाकून पाहिला होता. उपयोग शून्य.

आयपीचं तसं नाही. त्याच्या ३२ बिटांचे सबनेट मास्कने दोन भाग पडतात : नेटवर्क कोणतं आणि त्यातला संगणक कोणता. आपल्या पिनकोडसारखंच बघा. बेळगावचं ५९०००१, शेजारच्या चंदगडचं ४१६५०९. दूरच्या टपाल कार्यालयाला माणूस ओळखावा लागत नाही, आधीच्या आकड्यांवरून थैली ठरते. आणि एक, राउटेबल म्हणजे फक्त आयपी असं लिहू नका. नॉव्हेलच्या आयपीएक्समध्येही नेटवर्कचा वेगळा क्रमांक असतो, म्हणून तोही राउटेबल.

सरांनी टीसीपी/आयपी घातला, पत्ता आणि गेटवे दिला. वरून पिंग लगेच गेलं. नाव मात्र दिसेना! कारण नाव शोधणारी हाक आता आयपीवरून जात असली तरी होती ब्रॉडकास्टच, आणि ती राउटरपाशीच थांबत होती. मग वरच्या मशीनच्या एलएमहोस्ट्स फाइलमध्ये नाव आणि पत्ता अशी एक ओळ लिहिली, तेव्हा फोल्डर उघडलं.

पहिला अंक उघडला, तर मराठीच्या जागी सगळी गिचमिड. वरच्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. मग तोही त्याच वाटेने वर आणला.